लेकीच्या निरोपाचा शुक्रवार

रियाधमध्ये आमची ख्रिस्ती मंडळी आमच्याच हॉलमध्ये जमायची, शुक्रवारी दुपारी. चारपाच घरं, बायकोच्या हॉस्पिटलातल्या काही नर्स, कधी एखादा नवा आलेला ड्रायव्हर. चपला बाहेर जिन्यात ठेवायच्या नाहीत, पिशवीत घालून आत आणायच्या, हे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगावं लागे. उघड उपासनेला तिथे बंदी, म्हणून पडदे ओढायचे, एसी लावायचा आणि गाणी हळू आवाजात म्हणायची. पाळक कुणी नव्हते. मी नगरकडच्या एका पाळकाचा मुलगा, त्यामुळे उपासना चालवायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. वडिलांसारखं बोलता येत नसे, पण लोक ऐकून घेत.

दुसरं काम मी स्वतः ओढवून घेतलं होतं. मी कंपनीत वायरलेस संचांच्या देखभालीवर आहे. आमच्या विभागातला एक सौदी सहकारी वाळवंटात हरवलेल्या माणसांना शोधणाऱ्या स्वयंसेवकांच्या पथकाचा प्रमुख. गाड्या वाळूत पांगल्या की एकमेकांपर्यंत आवाज पोचत नाही, अशी त्याची तक्रार होती. मी एका गाडीत असा संच बसवून दिला की ती टेकाडावर उभी केली की एका गाडीचा निरोप दुसरीला मिळेल. मग तो चालवायलाही मीच जाऊ लागलो. पैसे नाहीत, सक्ती नाही. फोन आला की निघायचं.

फोन बहुतेक शुक्रवारीच यायचे. सुट्टीच्या दिवशी लोक वाळूत जातात आणि सुट्टीच्याच दिवशी स्वयंसेवक मोकळे असतात. मी नसलो की बायको बायबलमधलं वचन वाचायची, कुणीतरी प्रार्थना करायचं आणि भागून जायचं. पण तिला ते आवडत नसे. "अहो, लोक तुमच्यासाठी येतात," ती म्हणायची. "मी ड्युटीवरून आल्या आल्या चहा ठेवायचा, वचनही वाचायचं आणि तुम्ही कुठे म्हणून सगळ्यांना उत्तरंही द्यायची."

मुलगी बारावी झाली. इथे पुढचं शिक्षण आम्हाला जमण्यासारखं नव्हतं, म्हणून तिला पुण्यात प्रवेश घेतला. शनिवारी सकाळचं विमान होतं. आदल्या दिवशी उपासनेत तिला निरोप द्यायचा, मी तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची, असं ठरलं होतं. घरात उघड्या बॅगा पडल्या होत्या. बायको पहाटेपासून पुलावाच्या तयारीला लागली होती.

नाश्ता होतो न होतो तोच सहकाऱ्याचा फोन आला. अल खर्जच्या पलीकडे, हुफूफच्या बाजूला, उंटवाल्यांच्या तळावर पाण्याचा टँकर घेऊन गेलेला ड्रायव्हर परतला नव्हता. टँकर सापडला होता, वाळूत रुतलेला. माणूस त्यात नव्हता. ऑगस्टचं ऊन होतं.

"तो तुमच्या मुलखाचा आहे," सहकारी म्हणाला. "त्याचा भाऊ आमच्याबरोबर येतोय. त्याला अरबी धड येत नाही."

मी बायकोकडे पाहिलं. ती कांदा चिरत होती.

"चारपर्यंत येतो," मी म्हणालो.

"येणार नाही तुम्ही," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "इट्स ओके पप्पा, गो," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

ड्रायव्हरचा थोरला भाऊ माझ्याच गाडीत बसला. रायगडकडचा, बंदराजवळच्या गावातला. रियाधमध्ये एका गोदामात कामाला होता. मी मराठीत बोललो तेव्हा त्याने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. टेकाडावर मी एरियलचा डांब उभा केला, संच लावला, हेडफोन कानाला चढवले. बाकीच्या गाड्या टँकरपासून पांगल्या. पावलं काही अंतरापर्यंत दिसत होती, पुढे वाऱ्याने पुसली होती.

थोरला एकसारखा बोलत होता. धाकट्याला त्यानेच इकडे आणलं होतं. कफीलशी, म्हणजे इथल्या मालकाशी बोलून, राहण्याचा परवाना, इकामा करून. "भाऊ, तो समुद्रावरचा माणूस. पोहायला लागला की बाहेर यायचा नाही. वाळूत काय करील हो तो?" मग लगेच म्हणायचा, "पण हुशार आहे. सावलीला बसला असेल. टँकरमधलं पाणी घेऊन निघाला असेल ना?"

"घेतलं असेल," मी म्हणालो.

पथकाचा एक नियम होता. नातेवाईक जवळ असले की हरवलेला जिवंत सापडल्यावर संचावर म्हणायचं, पाणी पाठवा. जिवंत नसला तर म्हणायचं, सगळे जागेवर थांबा. पोलीस येऊन खात्री करेपर्यंत घरच्यांना काहीही सांगायचं नाही. एकदा चुकीची बातमी देऊन एका कुटुंबाचे हाल झाले होते, तेव्हापासूनचा हा नियम. मला तो पटलेला होता. पण आजवर माझ्या गाडीत कुणाचं माणूस बसलेलं नव्हतं.

दुपारची नमाज त्याने गाडीच्या सावलीत पढली. परत येऊन बसला, पाण्याची बाटली उघडली, पण प्यायला नाही. त्याच सुमारास कानात सहकाऱ्याचा आवाज आला. अगदी सपाट आवाज. सगळे जागेवर थांबा.

मी तो निरोप बाकीच्या गाड्यांना दिला. माझा आवाज नीट आला. ते मला आजही आठवतं आणि बरं वाटत नाही.

"काय म्हणाले?" भावाने विचारलं.

"थांबायला सांगितलंय. पोलिसांची गाडी येतेय."

"म्हणजे काहीतरी दिसलं असेल?"

मी संचाचं बटण चाळवत राहिलो. "बघू," म्हणालो. तो पुन्हा बोलू लागला. धाकट्याच्या लग्नाचं. मुलगी बघून ठेवली होती, घरावर पत्रे बदलायचे बाकी होते. मी हो हो करत होतो. दर शुक्रवारी लोकांसमोर बोलणारा मी, मनातल्या मनातसुद्धा प्रार्थनेचं एक वाक्य जुळवू शकलो नाही. फोनला रेंज नव्हती. घरी आता सगळे चपला पिशव्यांत घालून आत येत असतील, एवढं मात्र डोक्यात येऊन गेलं.

पोलिसांनी खात्री केल्यावर सहकारी स्वतः गाडी घेऊन टेकाडावर आला. त्याने मला खूण केली. मी हेडफोन काढले आणि म्हणालो, "भाऊ, तो गेला."

तो माझ्याकडे बघत राहिला. "तुम्हाला कधी कळलं?"

"मघाशी."

"मी लग्नाचं बोलत होतो तेव्हा?"

मी मान हलवली.  तो दार उघडून खाली उतरला आणि सहकाऱ्याच्या गाडीत जाऊन बसला. मीही मागून गेलो, कारण ओळख पटवताना कुणीतरी भाषेचं हवं होतं. एका खुरट्या झुडपाखाली धाकटा कुशीवर पडला होता. अंगातला सदरा काढून त्याने डोक्यावर घेतला होता. रिकामा कॅन शेजारीच होता. पाणी त्याने बरोबर घेतलं होतं, ते पुरलं नव्हतं. त्याला चादरीत घालून उचलताना एक टोक मी धरलं.

हमरस्त्यावर आल्यावर फोन वाजू लागले. थोरल्याचाही आणि माझाही. त्याने गावचा नंबर लावून फोन माझ्या हातात दिला. "अब्बांना तुम्ही सांगा. मला होणार नाही." मी सांगितलं. पलीकडे म्हाताऱ्याने एकच विचारलं, "थोरला बरा आहे ना?" मी बरा आहे म्हणालो आणि फोन परत दिला. मग तो रडला.

घरी पोचेपर्यंत दिवस मावळत आला होता. मंडळी निघून गेली होती. ताटं धुऊन पालथी घातली होती. माझ्या जागी एका वयस्कर नर्सबाईंनी मुलीसाठी प्रार्थना केली, बायकोने सांगितलं. "चांगली केली. सगळे रडले." मग माझ्या तोंडाकडे बघून तिने विचारलं, "मिळाला?"

"मेलेला."

ती खुर्चीवर बसली. थोड्या वेळाने उठून तिने पुलाव गरम केला. मला तो खाववला नाही. मुलगी बॅगेची चेन ओढत होती. ओढली जात नव्हती, म्हणून मी गुडघ्याने बॅग दाबून धरली. डोक्यावर हात ठेवायचं धाडस मला झालं नाही. ज्या हातांनी दुपारी चादरीचं टोक धरलं होतं ते तिला लावू नयेत, असं काहीतरी वाटत होतं. सकाळी विमानतळावर तिने आईला घट्ट मिठी मारली, मला एका हाताने.

पुढच्या आठवड्यात बायको म्हणाली, "मी तुम्हाला काही सोडा म्हणणार नाही. पण मंडळीचं त्या बाईंनाच बघू दे. त्या दर शुक्रवारी असतात." मंडळीतल्या सगळ्यांचं तसंच मत होतं. कुणी मला लागेलसं बोललं नाही.

संचाचं कामही फार दिवस टिकलं नाही. पुढच्या एका शोधात कानात आवाज आला आणि मला पुढे निरोप देता येईना. शब्द माहीत होते, तोंड उघडेना. सहकाऱ्याने माझ्याकडून माइक घेतला. नंतर चहा पाजला आणि म्हणाला, "खलास, आता विश्रांती घे." माझ्या जागी त्याने दुसरा माणूस तयार केला. आता मी शुक्रवारी घरीच असतो, उपासनेत मागच्या भिंतीला टेकून बसतो. त्या बाई चांगलं बोलतात. मी ऐकतो, पण मन लागतंच असं नाही.

मुलीचा फोन रविवारी येतो. मध्यंतरी तिने विचारलं, "पप्पा, यू स्टिल गो? डेझर्टमध्ये?"

"नाही. बंद केलं."

 "ओह," ती म्हणाली. मग विचारलं, "जेवलात?"

"जेवलो."

"ओके. मम्मीला द्या ना."