छतात बुडवलेले दिवे

विजेची कामं करणाऱ्या फिटरकाकांसमोर ‘लाईट जळतो’ म्हणायची सोय नव्हती. आमच्या पांढुर्ण्यात लहानथोर सगळे तसंच बोलतात, अर्धं मराठी अन् अर्धं हिंदी. पण ‘काका, तिकडचा लाईट जळून राहिला, बंद करू का?’ असं कुणी म्हटलं, की हातातला टेस्टर खाली ठेवून ते भडकत. “जळते ते लाकूड! लाईट लागते म्हणा. तुम्ही बोलता अन् जीव माझा वरखाली होते.” आम्ही पोरी मुद्दाम म्हणायचो. ते दर वेळी तेवढेच चिडायचे आणि चहा घेतल्याशिवाय काही शांत व्हायचे नाहीत.

घरात शिरले की घर त्यांचं. आई स्वयंपाकात असो की पूजेत, मेन स्विच खाली म्हणजे खाली. काहीही तपासायचं तर उलट्या हातानं. “करंट लागला तं तळहात धरून बसते वं, उलटा हात सुटते,” असं मला सांगायचे. स्वतःच्या कामाची स्तुती ते स्वतःच करायचे; दुसऱ्याला संधीच द्यायचे नाहीत. मला ते फार आवडायचे.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. सौसरच्या एका शिक्षकांशी माझं लग्न जमलं होतं. आधीचं एक स्थळ ऐनवेळी मोडलेलं, त्यामुळे आईची झोप उडालेली. आणि मला, आता सांगायला काय हरकत, हाच मुलगा हवा होता. बाबांना मात्र दिव्यांची पडलेली! नागपूरच्या एका साडीच्या दुकानात त्यांनी छतात बुडवलेले दिवे पाहिले होते. बल्ब दिसत नाही, नुसता उजेड पडतो. साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, आपल्या बैठकीत तसे दिवे हवेत, सौसरवाल्यांनी मान वर करून पाहिलं पाहिजे, असं त्यांनी घेतलं डोक्यात.

“भाऊ, हे जुनं घर आहे,” काका म्हणाले. “छत लाकडाच्या फळ्यायचं. वर माळा, माळ्यात तुमच्या सासरचा कापूस. बल्ब तापते.”

“यंदा कापूस नाही ठेवत,” बाबा म्हणाले.

काका दोन दिवस नाही-नाही म्हणाले, पण हौस त्यांनाही होतीच. त्यांनी फळ्यांना गोल भोकं पाडली, तुपाचे रिकामे डबे त्यांत उलटे बसवले आणि डब्यांत बल्ब लावले. खालून काय सुंदर दिसलं म्हणता! पण डब्यांचं बूड वर माळ्यात निघालं होतं आणि ते चांगलंच तापायचं. म्हणून काकांनी प्रत्येक डब्यावर संत्र्याची एकेक रिकामी पेटी पालथी घातली. “पेटी दिसली की समजायचं, खाली दिवा आहे. हलवायची नाही,” असं सगळ्यांना बजावलं. आम्ही माना डोलावल्या.

साक्षगंधाच्या सकाळी रामाकोन्याहून मामा आला, तो कापसाची गाडी घेऊनच. दुसऱ्या दिवशी बाजारात न्यायचा होता. “कुठी टाकू, भाऊजी?” बाबांच्या डोक्यात पाहुण्यांचा फराळ. “टाका माळ्यावर,” म्हणाले आणि विसरले. मामाला पेट्यांचं कुणी सांगितलं नव्हतं. आणि आमच्याकडे संत्र्याच्या हंगामात रिकामी पेटी दिसली की ती ज्याच्या हाती लागेल त्याची! त्यानं सगळ्या पेट्या खाली आणल्या, अंगणात मांडून वर सतरंजी टाकली, पाहुण्यांना बसायची सोय केली आणि माळाभर कापूस पसरला. मोकळ्या मनाचा माणूस, आनंदानं केलं सगळं.

दुपारी पाहुणे आले. आमच्या बैठकीला खिडकी नाही, दिवसाही दिवा लागतो. मी पाटावर बसलेली. काका धुतलेला सदरा घालून दाराशी उभे, कोण वर पाहतं ते बघत. होणाऱ्या सासूबाईंनी कुंकवाची डबी उघडली. तेवढ्यात आत्या जिन्यावरून आली आणि काकांना म्हणाली, “वर तुमचे लाईट जळून राहिले जी.”

आम्ही बहिणी गालात हसलो. आता काका चिडणार! पण काका चिडले नाहीत. त्यांनी आत्याकडे पाहिलं, वर पाहिलं, नाकानं हवा ओढली आणि सरळ जाऊन मेन स्विच खाली केला.

अंधार. सासूबाईंचं बोट माझ्या कपाळापर्यंत येऊन थांबलेलं. कुणीतरी हळूच म्हणालं, “अपशकुन झाला.” मला वाटलं, हेही मोडलं!

“मिस्त्री, लाईट लावा!” बाबा ओरडले.

“नाही लावत. पोरीले उठवा, सगळे अंगणात चला.”

“माझ्या पोरीचं साक्षगंध मोडून राहिले तुम्ही!”

“शिव्या मंग द्या, भाऊ. आंदी बाहेर निघा!”

बाबांनी त्यांची कॉलर धरली होती. पाहुण्यांसमोर! काकांनी ती सोडवून घेतली आणि जिना चढले. मामा मागोमाग धावला. तापलेल्या डब्यांनी कापूस पेटला होता; तो एकदम भडकत नाही, आतल्या आत धुमसतो. वाऱ्याची एक झुळूक आली असती तर फळ्यांसकट आमच्या डोक्यावर आला असता. दोघांनी काळा पडलेला कापूस कवेत धरून मागच्या बोळात फेकला, ओली पोती टाकली. आम्ही अंगणात उभे. पाहुण्यांपैकी एक म्हातारे चपला शोधायला लागले होते. मी त्या चपलांकडेच बघत होते.

काका खाली आले तेव्हा दोन्ही तळहात भाजलेले. “चूक माझीच,” म्हणाले. “संत्र्याच्या गावात रिकामी पेटी जाग्यावर राहते काय? खिळे ठोकाले पाहिजे होते.” बाबांनी त्यांना धरून सतरंजीवर बसवलं. सासूबाईंनी ताटातली हळद उचलली आणि कुणी काही म्हणायच्या आत काकांच्या हातांना लावली. मग माझ्याकडे वळल्या आणि भर उन्हात मला कुंकू लावलं. म्हाताऱ्यांनी चपला परत काढल्या. मी सगळ्यांसमोर ढसाढसा रडले.

काकांचे हात पुढे पूर्वीसारखे वळले नाहीत. बारीक स्क्रू धरता येईना, तेव्हा त्यांनी काम सोडलं. काही वर्षांनी ते गेले. मी सौसरला होते, निरोप उशिरा आला. त्यांचं शेवटचं दर्शन झालं नाही, ते मला अजून सलतं.

पण माझ्या लग्नातले ते माझ्याजवळ आहेत. बोहल्यावर नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो. माझा मामा उभा राहिलाच नाही. “हे माझं काम नोहे,” म्हणाला आणि काकांना धरून आणलं. मंगलाष्टकं सुरू झाली. पट्ट्या बांधलेले हात त्यांनी माझ्या खांद्यांवर ठेवले.

“काका, दुखून राहिलं का?” मी मान वळवून विचारलं.

“मांगं काय पाहून राहिली वं? समोर पाह्य.”

अंतरपाट दूर झाला, आणि मी समोर पाहिलं.