आत्यानं पाहिलेलं शेवटचं स्थळ

रविवारी सकाळी आत्या वारली. रेवा त्या दिवशी अमेरिकेत शिबिरात होती. शिबिरात मुलांजवळ फोन नसतो.

ते शिबिर आत्यानंच ठरवलं होतं, सोलापुरातल्या आमच्या हॉलमध्ये बसून. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. माढ्यापासून मंद्रूपपर्यंत नात्यातली बहुतेक लग्नं तिनं जुळवलेली. त्यामुळे मुलीनं रात्री मुक्कामाला जायचं कुठलंही ठिकाण तिच्या लेखी स्थळच असे. रेवा ही माझ्या धाकट्या भावाची, अमेरिकेत राहणाऱ्या सतीशची मुलगी. वय अकरा. घराबाहेर ती तोंड उघडत नसे. शाळेतल्या बाई, डॉक्टर, शेजारी, सगळे तिला ‘बोल ना’ म्हणत, आणि ती आणखी मिटत जाई. उन्हाळ्यात तिला निवासी शिबिराला पाठवायचं सतीशच्या मनात आलं, आणि ते त्यानं फोनवर सहज आत्याच्या कानावर घातलं. तिथंच तो चुकला.

“पोरगी कुटं द्यायची ते तू एकटाच ठरवणार व्हय रे, सत्या?”

“आत्या, तीन आठवड्यांसाठी जायचंय तिला.”

“असंना का. रात्री निजणार तितंच की!”

सतीशनं हेरलेल्या प्रत्येक शिबिराशी मग रीतसर बघण्याचा कार्यक्रम झाला. फोनवरच, पण आत्या इरकल नेसून बसे आणि पोह्यांची बशी फोनसमोर धरी. पाहुण्यांनी नुसती पाहिली तरी मान राहतो, असं तिचं म्हणणं. मुलीकडचा पुरुष म्हणून मी शेजारी गप्प बसायचं. ते मला जमतं. दोन्हीकडचं भाषांतर बिचारा सतीश करी.

पहिल्या शिबिराचे साहेब घोडे आणि तलाव यांतून बाहेरच आले नाहीत. दुसऱ्यांनी बक्षिसांचं कपाट दाखवलं. आत्यानं दोन्ही स्थळं नाकारली. “जो सोताचंच एवढं सांगतो, तो आपल्या पोरीचं कवा ऐकणार?” लग्नातही तिची हीच कसोटी. होणाऱ्या सासऱ्यानं विहिरीची खोली पुन्हा पुन्हा सांगितली, म्हणून जेऊरचं चांगलं बागायती घर तिनं एकदा परत पाठवलं होतं.

तिसरं शिबिर क्वेकरांचं होतं. हा ख्रिस्ती लोकांतला एक पंथ, एवढं सतीशनं सांगितलं. शिबिराच्या बाई पांढऱ्या केसांच्या, आत्याच्याच वयाच्या. आत्यानं थेट विचारलं, “आमची पोरगी बोलत न्हाय. तुमी काय करताल?”

बाई नुसत्या बघत राहिल्या. आत्यानं फोन हलवून पाहिला. “सत्या, बाई अडकली बघ.”

“अडकल्या नाहीत गं, विचार करतायत.”

मग बाई बोलल्या. सतीशनं सांगितलं, “त्या म्हणतात, आम्ही वाट पाहू.”

आत्यानं पोह्यांची बशी खाली ठेवली.

पुढची चौकशी देवाधर्माची. तिथं रोज सकाळी सगळे झाडाखाली गप्प बसतात. ज्याला आतून काही सांगावंसं वाटेल तो उठतो, सांगतो आणि बसतो. शेवटी हात मिळवायचे. “भटजी न्हाय, आरती न्हाय, आन् कुणाला काय वाटलंच न्हाय तर?” तर तसेच हात मिळवायचे. आत्याला हे लई आवडलं, पण पारखून घेतल्याशिवाय ती भांडंही घेत नसे. तिनं शेजारच्या व्यंकम्माला बोलावलं आणि आम्ही तिघं हॉलमध्ये गप्प बसलो. स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या झाल्या. शेवटी व्यंकम्मा उभी राहिली, “गॅस बंद कर, आत्या, डाळ जळतीय,” म्हणाली आणि खाली बसली. आत्यानं डोळे मिटूनच मान डोलावली. “आतनं आलं तिच्या. चालतंय.” डाळ जळाली. आम्ही हात मिळवले.

स्थळ पक्कं झालं. आत्यानं शेंगाचटणी कुटायला घेतली, आणि तेवढ्यात सतीशचा फोन आला. काही मुलांना शेंगदाण्याचा त्रास होतो, म्हणून शिबिरात शेंगदाणा चालत नाही.

“शेंगा न्हाईत? मग जेवत्यात काय?” आत्या चटणीचा हात पुसत म्हणाली, “मोडलं म्हणून सांग बाईला. पोरगी उपाशी ऱ्हायची.”

सतीश समजावत राहिला. आत्या ऐकेना. मग फोनवर रेवा आली. आमच्याशीही ती एकेका शब्दातच बोलायची.

“आत्याआजी, मला तिथंच जायचंय. तिथं कुणी ‘बोल ना’ म्हणत नाही.”

आत्या कितीतरी वेळ बोलली नाही. पलीकडून सतीशनं घाबरून विचारलं, “आत्या, आवाज येतोय का?”

“येतोय की,” आत्या म्हणाली. “इचार करतीय.”

मग तिनं कारळाची चटणी केली आणि सतीशच्या मित्राबरोबर धाडून दिली.

आत्या गेल्याचं शिबिराच्या बाईंनी रेवाला सांगितलं. घरी जायचंय का, असं विचारलं आणि वाट पाहिली. तिनं मान हलवून नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे झाडाखाली गप्प बसले असताना ती उभी राहिली आणि मराठीत बोलली. काय बोलली ते बाईंना कळलं नाही, आणि त्यांनी विचारलंही नाही. परतल्यावर रेवानं मला सांगितलं, “मी म्हटलं, ही जागा माझ्या आत्याआजीनं बघितलीय.”

आता रविवारी सकाळी रेवा मला फोन करते. मी पोहे करतो, आत्याच्या बशीत घेतो आणि बशी फोनसमोर धरतो. मग आम्ही दोघं गप्प बसतो.