केंद्रकं हलत नाहीत

वाळत घातलेल्या मोहफुलांचा गोड, डोकं जड करणारा वास आला की मला चामोर्शीजवळच्या आमच्या अंगणातली चैत्रातली एक संध्याकाळ आठवते. स्वातंत्र्याला दहाएक वर्षं होत आली होती. एम.एस्सी.च्या परीक्षेआधी मी नागपूरहून घरी आलो होतो आणि पाण्याच्या रेणूचं श्रोडिंजर समीकरण पूर्ण मांडून बघत होतो. प्रत्येक इलेक्ट्रॉन दुसऱ्या प्रत्येकाला ढकलतो, शिवाय अणूंच्या प्रत्येक केंद्रकाकडे ओढला जातो, आणि हे सगळं लिहायचं. ओळ संपतच नव्हती, हात भरून आला होता. शेवटी सगळे करतात तेच मी केलं. केंद्रकं इलेक्ट्रॉनांपेक्षा कितीतरी जड, ती हलतच नाहीत असं धरलं आणि त्यांच्या हालचालीची पदं खोडून टाकली. शेजारी बाजेवर बाबा हिवतापानं पडले होते. आई त्यांना म्हणाली, "उद्या मोह वेचाले मी एकटीच जातो, तुमी उठू नोका." बाबा म्हणाले, "मी कुठी जातो? इथीच आहो." पहाटे जाग आली तेव्हा बाज रिकामी होती. मी जंगलाच्या वाटेनं गेलो, तर मोहाच्या झाडाखाली आईच्या जोडीला घोंगडी पांघरून बाबा फुलं टोपलीत टाकत होते. "बाबा, तुमी काऊन उठले?" मी विचारलं. "तुह्या मायच्यानं एकटीनं होते का एवढं?" ते वर न बघता म्हणाले. मीही खाली बसून वेचू लागलो. पुढं जन्मभर मी हेच समीकरण शिकवलं. केंद्रकं हलत नाहीत, हे मात्र मुलांना एकदाही ठाम आवाजात सांगता आलं नाही.