अकराव्या पानावरचा अंगठा

ऑगी होलुबेक शाळेची पिवळी बस चालवतो, आणि कशी चालवतो ते क्लीव्हलंडजवळच्या आमच्या पार्मा गावातल्या कुठल्याही आईला विचारा. रस्त्यात खड्डा दिसला की हा थांबतो, खाली उतरतो, खड्ड्याकडे दुःखानं बघतो आणि मग त्याला लांबून वळसा घालून जातो. मुलं शाळेत उशिरा पोचतात, पण पोचतात तेव्हा एकाच्याही सॅंडविचचा कोपरा दबलेला नसतो. कोपऱ्यांच्या बाबतीत ऑगी फार हळवा आहे.

माझं रिज रोडवर कॉमिक्सचं दुकान आहे. सुरू केलं नवऱ्यानं. तो वर गेला आणि दुकान माझ्या गळ्यात पडलं. ऑगी दर शनिवारी येतो. आल्या आल्या मागच्या बेसिनवर जाऊन ऑपरेशनला निघालेल्या डॉक्टरसारखे कोपरापर्यंत हात धुतो, वाळवतो, आणि मगच पहिल्या अंकाला बोट लावतो. लग्न केलेलं नाही, साठी उलटलेली, मिशी पांढरीशुभ्र आणि बोलण्यात कायम आकडे. माझ्या नव्या केसांना त्यानं एकदा आठ-पाच दिले होते, डाव्या बाजूनं किंचित चेपलेत म्हणून. पुढे महिनाभर मी त्याला कॉफी पाजली नाही.

हे आकड्यांचं खूळ आमच्यात सगळ्यांनाच आहे. जुनं कॉमिक कंपनीकडे पाठवायचं. तिथली माणसं भिंग लावून त्याची चामडी सोलतात, दहापैकी, दशांशापर्यंत गुण देतात आणि कडक प्लास्टिकच्या पेटीत ते कायमचं बंद करून, वर आकडा चिकटवून परत पाठवतात. मग ते कुणी वाचायचं नाही, नुसतं बघायचं. पुस्तक वाचता येऊ नये म्हणून लोक पैसे मोजतात, पण त्यावरच माझं दुकान चालतं, तेव्हा मी तोंड उघडत नाही.

कंपन्या दोन. खरी नावं काही का असेनात, दुकानात आम्ही एकीला ‘सिस्टर’ म्हणतो आणि दुसरीला ‘आजी’. आम्ही बहुतेक सगळे चर्चच्या शाळेत शिकलो, त्यामुळे सिस्टर म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. ही सिस्टर मुखपृष्ठावरची केसाएवढी घडी पकडते. कुणी जुन्या अंकाची उडालेली शाई पेनानं भरून आणली, की त्याला सरळ जांभळी चिठ्ठी लावते, आणि जांभळी चिठ्ठी लागलेली प्रत चारचौघांत काढायची सोय राहत नाही. आजीचं तसं नाही. आजीला सगळीच नातवंडं गोजिरी. विकत घेताना प्रत्येकाला सिस्टरचा आकडा हवा असतो आणि विकताना आजीचा. मीही त्यातलीच.

तर ऑगीकडे ‘ॲडमिरल वॉलरस’चा सातवा अंक होता. क्लीव्हलंडच्या एका फुटकळ छापखान्यानं हे कॉमिक काढलं आणि मग छापखानाच बुडाला, पुन्हा काही ते छापलं गेलं नाही. मुखपृष्ठावर एक लाकडी पिंप, पिंपातून वर आलेले दोन सुळे, एवढंच. ऑगीनं ते घेतलं तेव्हाच पेटीत बंद होतं, सिस्टरचे नऊ-सहा. सिस्टर तिनं तपासलेल्या सगळ्या प्रतींची जगभराची यादी ठेवते, आणि त्या यादीत या अंकाला नऊ-सहाच्या वर कुणीच नव्हतं. ऑगी जगात पहिला होता.

पण एकटा नव्हता. दुसऱ्या नऊ-सहाची मालकीण गावातच, चर्चच्या तळघरात दर शुक्रवारी पिरोगी विकायला उभी असायची. लॉरेन पास्टरनाक. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, जीभ धारदार. बटाट्याच्या पिरोगी, म्हणजे उकडलेल्या करंज्याच, कांद्याबरोबर लोण्यात परतून देते, आणि अर्ध्या गावाचा शुक्रवार तिच्याच हातचं खाऊन साजरा होतो. ती ऑगीला ‘होलुबेक’ म्हणायची, हजेरी घेतल्यासारखी. त्याला दर वेळी रांगेतच उभं करायची आणि त्याचा नंबर आला की विचारायची, तुझ्या प्रतीला बुरशी लागली का रे अजून. ऑगी म्हणायचा, तुझ्यानंतर. सगळ्या गावाला दिसत होतं की हा माणूस तिच्यापायी वेडा झालाय आणि तिलाही त्याचं वावडं नाही. दिसत नव्हतं ते फक्त त्या दोघांना.

खरं म्हणजे ऑगीला दिसत होतं. एका शनिवारी हात धुऊन आला आणि मला म्हणाला की त्याला लॉरेनला मागणी घालायचीय. मी म्हटलं, मग घाल की, तुझे पाय कुणी बांधलेत. तर म्हणाला, बरोबरीत असताना मागणी घालणं बरं दिसत नाही, आधी एकट्यानं पहिला नंबर काढतो आणि मग विचारतो. मी कपाळाला हात लावला. बाई मिळवायला आधी तिला हरवायचं, ही अक्कल फक्त आमच्याच दुकानात मिळते.

नेमकी त्याच सुमारास आवई उठली की सिस्टरचा हात सध्या सैल सुटलाय. नवी पोरं भरलीत, नऊ-सहाला नऊ-आठ देताहेत, म्हणे. अशी आवई दर दोन वर्षांनी उठते आणि दर वेळी निम्मे शहाणे आपापल्या पेट्या फोडतात. फोडाव्या लागतातच, कारण पेटीवरचा जुना आकडा दिसला की तपासणारा तोच पुन्हा लिहून मोकळा होतो. प्रत उघडीवाघडी पाठवली तर तो नव्यानं बघतो. ऑगीनं स्क्रूड्रायव्हर घेतला.

पुढचं मला त्यानंच नंतर सांगितलं, आणि सांगताना त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. शनिवारची दुपार, स्वयंपाकघरातलं टेबल, खाली धुतलेला पंचा. पेटीची कड कट्कन तुटली आणि इतकी वर्षं नुसतं बघितलेलं पुस्तक हातात आलं. जुन्या कागदाचा वास आला. वाचणार नव्हता, नुसतीच पानं तपासणार होता. पण पहिल्याच पानावर ॲडमिरल वॉलरस शत्रूच्या जहाजावर चोरून चढतो आणि लपायला आंबवलेल्या कोबीच्या पिंपात उडी मारतो. आता यापुढे कुणी थांबेल का? पिंपात बसल्या बसल्या ॲडमिरल भूक लागून कोबी खातो आणि अकराव्या पानावर त्याला उचक्या लागतात. प्रत्येक उचकीबरोबर पिंप डेकवर वीतभर उडतं आणि शत्रूचे खलाशी भूत भूत करत पाण्यात उड्या टाकतात. ऑगी खुर्चीतून खाली यायच्या बेतात होता इतका हसला. हसता हसता त्याचा हात शेजारच्या बशीत गेला, बशीत कालची उरलेली पिरोगी होती, तोंडात गेली, आणि हात परत पानावर आला.

दोनदा हात धुऊन बसलेला माणूस. धुतल्यानंतर जेवायचं नसतं, एवढंच तो विसरला.

उजेडात धरलं की अकराव्या पानावर एक गोल, स्वच्छ, आरपार दिसणारा अंगठा. त्यानं स्वतःची समजूत घातली की एवढंसं कुणाला दिसतंय, आणि प्रत सिस्टरकडे पाठवून दिली. ऑगीनं, ज्यानं माझ्या केसांचे दीड गुण कापले होते.

सिस्टरचा हात अजिबात सैल सुटलेला नव्हता. उन्हाळ्यात निकाल आला: नऊ-शून्य, आतल्या पानावर अंगठ्याचा तेलकट ठसा. जगाच्या यादीत लॉरेन एकटी पहिली झाली. ऑगी माझ्या काउंटरवर डोकं टेकून बसला आणि रडला, खरंच रडला. मला वाईट वाटत होतं आणि हसूही येत होतं, म्हणून मी मागे जाऊन खोकी लावत बसले.

माणसं घाबरली की आजीकडे जातात. ऑगीनं सिस्टरची पेटीसुद्धा फोडली आणि तीच प्रत आजीकडे धाडली. आजीनं प्रेमानं कुरवाळून नऊ-आठ दिले. अंगठ्याचा उल्लेखच नाही. पेटी परत आली त्या दिवशी तो इतका खूश होता की बस खड्ड्यातून नेली.

आता मागणी घालायची. पण आकडा चढला की बाकीचंही चढवावंसं वाटतं. गुरुवारी तो औषधांच्या दुकानातून एक बाटली घेऊन गेला, आणि शुक्रवारी चर्चच्या तळघरात आला तेव्हा मिशी बुटासारखी काळी होती. मी त्याच्या मागेच रांगेत होते. सांगायला गेले, पण तो पेटी छातीशी धरून हसतमुख उभा होता आणि माझं काही ऐकण्याच्या पलीकडे गेला होता.

त्याचा नंबर आला. लॉरेननं झारा खाली ठेवला. आधी पेटी बघितली, मग मिशी.

“आजीकडे गेला होतास, होलुबेक?”

“नऊ-आठ आहे,” ऑगी म्हणाला. “मला तुला काही विचारायचं होतं.”

“आणि मिशीत रंग भरलायस. ही तर जांभळी चिठ्ठी झाली.”

रांगेत हशा पिकला. ऑगीचे कान लाल झाले, आणि कढईतल्या वाफेनं म्हणा की लाजेनं, मिशीचा काळा ओघळ हळूच हनुवटीकडे निघाला. पेटी तिनं हातातही घेतली नाही. म्हणाली, आजी काय म्हणते ते मला नको, सिस्टर काय म्हणाली ते सांग. ऑगीनं मान खाली घालून कबुली द्यायला बसल्यासारखं सगळं पाठ म्हणून दाखवलं, नऊ-शून्यपासून अंगठ्यापर्यंत.

“कसला तेलकट?” लॉरेननं विचारलं.

“तेल नाही. लोणी.”

“कुठलं लोणी?”

“तुझंच.”

मागून कुणीतरी म्हणालं की ते नंतर करा, आधी इकडे बटाट्याच्या डझनभर द्या. पण लॉरेनचं लक्ष कुठे होतं? तिच्या तोंडावर मी कधी न पाहिलेलं काहीतरी आलं होतं. हेवा होता तो, निव्वळ हेवा.

“म्हणजे तू वाचलंस,” ती म्हणाली. “तो पिंपात काय करतो?”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिनंही पेटीतच घेतलं होतं. तीही इतकी वर्षं त्या दोन सुळ्यांकडे बघत बसली होती. एखादी फाटकी प्रत घेऊन वाचून टाकायला दोघांचाही ताठा आड आला होता.

ऑगीनं पेटी माझ्या हातात दिली, काउंटरवरचे प्लास्टिकचे दोन काटे उचलून मिशीखाली धरले आणि सुरू झाला. उडी मारली, कोबी खाल्ला, उचकी दिली. प्रत्येक उचकीला तो पायाच्या चवड्यांवर उडत होता, रंग गळ्यापर्यंत आला होता, रांगेतल्या बायका एकमेकींना धरून हसत होत्या आणि ज्याला डझनभर हव्या होत्या तो पिंप कसं वाजलं असेल ते करून दाखवत होता. लॉरेन डोळे पुसत होती. पिरोगी करपल्या, कुणी तक्रार केली नाही.

शेवटी ऑगी दम खात थांबला, काटे खाली ठेवले आणि विचारायला आला होता ते विचारलंच. असंच, घामेजल्या तोंडानं. लॉरेननं त्याला भिंग लावल्यासारखं वरपासून खालपर्यंत बघितलं.

“सहा-पाच,” ती म्हणाली. “कडा झिजलेल्या, कणा डावीकडे कललेला. पण पानं सगळी जागेवर आहेत, आणि ही प्रत आजवर कुणी घरी नेलेली नाही.”

“सहा-पाच?”

“एकही गुण वाढणार नाही. तोंड धुऊन ये, ऑगी. पुढच्या शुक्रवारपासून रांगेत उभं राहायचं नाही, आत यायचं.”

नऊ-शून्यला रडलेला माणूस सहा-पाच मिळाले म्हणून पार्किंगमध्ये नाचला. मी विचारलं, लाज नाही वाटत? तर म्हणाला, “इर्मा, आजीनं माझा अंगठासुद्धा पाहिला नव्हता. हिनं सगळं पाहिलं आणि तरी ये म्हणाली.” मी त्याला माझा रुमाल दिला, आणि तो आजही काळाच आहे.

वसंतात लग्न झालं. लॉरेननं आपली प्रत काही फोडली नाही. ती दिवाणखान्यात भिंतीवर असते, पेटीत बंद, जगात एकटी पहिली, आणि याची आठवण ती नवऱ्याला जेवताना करून देते. आजीची पेटी मात्र दोघांनी मिळून लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी फोडली. ती प्रत स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीला टेकून उभी असते. रविवारी ऑगी मोठ्यानं वाचतो, उचक्या लॉरेन देते.

गेल्या आठवड्यात मी जेवायला गेले होते. हात धुऊन, वाळवून, मी ती उचलली आणि अकरावं पान उजेडात धरलं. आता तिथं दोन अंगठे आहेत. दुसरा जरा लहान आहे, आणि त्याला कांद्याचा वास येतो.