कर्वेनगरच्या सायबर कॅफेतल्या बाई

आमच्या सोसायटीखालचा सायबर कॅफे जाऊन तिथं केकचं दुकान आलं, तरी ओढणीच्या टोकानं की-बोर्ड पुसणाऱ्या त्या मालकीणबाई मला अजून आठवतात. तेव्हा सातवीत असलेल्या माझ्या मुलीचा फोटो वर्गातल्या मुलींनी इंटरनेटवर टाकून खाली घाणेरडं लिहिलं होतं. कॅफेत मुलीच्या स्क्रीनवर ते दिसल्यावर बाईंनीच मला बोलावून दाखवलं. मुलगी तिथंच उभी होती. मी तिच्यावरच ओरडले, "उद्यापासून कॉम्प्युटर बंद!"

बाई म्हणाल्या, "अहो, मार खाऊन आलेल्या मुलीलाच तुम्ही कोंडता का?"

शाळेत दाखवायला त्यांनी ते पान छापून दिलं आणि माझ्यासाठी खुर्ची ओढली. मी मुलीशेजारी बसले, तेव्हा ती रडली. इतके दिवस ती मलाच घाबरून गप्प होती.