गेलेलं पाणी परत येतं म्हणे

सगळ्यांत आधी धावत आली ती शेजारची सखूबाई. "वं माय, तुन्ही पिंकी उनी! पाठवर आख्खं घर बांधीसन!"

मागून माझी नात पिंकी, तिची मैत्रीण आणि ह्या एवढाल्या पिशव्या. दोन वर्षांनी आली पोरगी, आणि थांबली किती? जेवणापुरती! दोघी समुद्राच्या काठाने पाच दिवस पायी जाणार, वाटेत खाड्या ओलांडत.

भाकरी राहू दिली, आधी दोघींना आमच्या नदीत उतरवलं. पिंकीने पिशवीचा कमरेचा पट्टा करकचून बांधलेला. "सोड तो! पाय सटकला तर ओझं टाकता आलं पाहिजे. आम्ही भारे वाहिले, पण पाण्यात अंगाला कधी बांधले नाहीत." आधी काठी रोवायची, मग पाऊल. पाणी गुडघ्याच्या वर चढलं की गुमान मागे फिरायचं.

पिंकी म्हणाली, "आजी, तिथे ओहोटीची वाट बघायची. पाणी समुद्रात जातं, तेव्हा ओलांडायचं. मग तेच पाणी परत येतं."

"गेलेलं परत येतं?"

"रोज दोनदा!"

जन्म गेला माझा नदीकाठी, पण गेलेलं पाणी परत आलेलं काही पाहिलं नाही. तुम्ही कोणी पाहिलंय का हो? येताना आवाज करतं का?

एसटीत चढायच्या आधी पिंकीने कमरेचा पट्टा सोडून दाखवला मला. पुढच्या गुरुवारी परत येतो म्हणाल्यात.