एकाच ठेक्यावरची हळद

धाकट्या बहिणीच्या हळदीला बेंजो पार्टी आणायचं काम मी अंगावर घेतलं होतं. कुणी दिलं नव्हतं. "माझ्यावर सोडा," असं मीच म्हणालो होतो, आणि घरच्यांनी चुकून सोडलं.

संध्याकाळी निरोप आला की पार्टी अंधेरीच्या एका हळदीत अडकली आहे, सुटणं कठीण. इकडे भांडुपच्या आमच्या चाळीत मंडप सजलेला. नवऱ्यामुलाला लावून उरलेली उष्टी हळद घेऊन त्याच्याकडच्या बायका निघाल्याही होत्या.

पाटावरून बहीण शांतपणे म्हणाली, "दादा, त्या आल्या आणि मंडप मुका असला, तर मी तुझ्याशी जन्मात बोलणार नाही."

आत्या म्हणाली, "मेल्या, तुझे बेंजोवाले खंय रवले?"

तेवढ्यात मामाची कॅसेट आठवली. मामा बोटीवर नोकरीला. त्याने जमैकाहून आणलेल्या त्या कॅसेटवर आठ गायक होते आणि संगीत मात्र एकच. मामाला दुकानदाराने फसवलं, असं मी तेव्हा घरभर सांगितलं होतं. मामा म्हणाला, "अरे शहाण्या, तिकडे रीतच आहे. एकाने ठेका बांधायचा, मग ज्याच्या गळ्यात दम आहे त्याने येऊन आपलं गाणं त्यावर घालायचं." कॅसेटच्या शेवटी नुसता ठेकाच वाजत होता. त्यावर गाणारा नववा गायक आलाच नसेल बिचारा, असं मी धरून चाललो होतो.

आता तोच ठेका शेजाऱ्यांच्या टू-इन-वनवर लावला. आत्याने टाळी मारली, ती एकटीच पडली. आपल्याला ठोका जिथे हवा तिथे तो येईचना, जरा थांबून यायचा.

"ह्यो ढोलवालो पण तुझ्या बेंजोवाल्यासारखोच. मागसून येता."

पण आत्या हटणारी नव्हती. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा कंबरेने ठोका पकडला आणि उष्टी हळद दारात पोचली तेव्हा ती खड्या आवाजात गात होती, "आमची वाघीण येते गं, विहीणबाई सांभाळा."

नवऱ्यामुलाची मावशी हळदीची वाटी हातात धरून क्षणभर थांबली. मान डोलावून तिने ठेका जोखला आणि तिथूनच उत्तर दिलं, "येऊ दे वाघीण, पिंजरा तयार आहे."

मग काय, आमच्याकडची एक, त्यांच्याकडची एक. ठेका तोच, टोमणे नवे. लग्नासाठी सुट्टी काढून आलेल्या मामाने तर त्यावर गणपतीची आरती बसवली. कॅसेट संपली की मी मागे घ्यायची, एवढंच माझ्याकडे उरलं होतं, आणि तेही मी दोनदा चुकवून मधल्याच एका जमैकन गायकाला मंडपात आणलं. विहिणींनी त्यालाही टाळ्या दिल्या.

शेवटी मी थकून खुर्चीत बसलो. ठेका थांबला, मंडप गप्प झाला. पाटावरून, डोळ्यांपर्यंत पिवळी झालेली बहीण म्हणाली, "दादा, बसतोस काय? मागे घे ना."

बोलली एकदाची. मी उठलो आणि बटण दाबलं.